पुसलेल्या काचा

माझ्या मुलीचं नाव बुद्धप्रिया. घरात प्रिया. वय चोवीस, उंची माझ्याएवढी, चष्मा नाही. चष्मा नाही हे मी पूर्वी कुणाला मुद्दाम सांगितलं नसतं. आता सांगते, कारण गेले तीन आठवडे तिच्या डोळ्यांखेरीज मला दुसरं काही सुचत नाही. घरातले दोघंही झोपलेत. मला झोप येत नाही, म्हणून जे झालं ते क्रमानं लिहून काढते आहे.

आम्ही कुंभारीच्या कामगार वसाहतीत राहतो. दोन खोल्यांचं हे घर माझ्या सासूबाईंनी, मीनाबाईंनी, आयुष्यभर विड्या वळून मिळवलं. माझे यजमान धर्मपाल टॉवेलच्या कारखान्यात जॉबर आहेत. माग अडला की ज्याच्या नावानं हाका सुरू होतात तो जॉबर. मी बी.ए. झालेली, एका शाळेच्या ग्रंथालयात काम करते. प्रिया आमची एकुलती एक.

लहानपणापासून ती बोलायची कमी आणि बघत बसायची जास्त. लिमलेटच्या गोळीचा पातळ कागद तळहातावर ठेवला की आपोआप वळतो, हे तिला पाच-सहा वर्षांची असताना सापडलं. मग घरात येईल त्याच्या हातावर ती कागद ठेवायची आणि मनात आकडे मोजायची. पप्पांच्या हातावर लवकर वळतो, मम्मीच्या हातावर उशिरा.

"माझ्या हातात जादू हाय," धर्मपाल म्हणायचे.

"जादू नाही पप्पा, घाम आहे."

एवढंसं पोर, पण लाडानं दिलेली खोटी गोष्टसुद्धा घ्यायची नाही.

तिनं एम.एस्सी. केलं आणि गावातल्या एका कॉलेजच्या प्रयोगशाळेत प्रकल्पावर लागली. काम काय, तर प्रकाशानं हलणारी पट्टी बनवायची. ती मला अशी समजली: लिक्विड क्रिस्टल नावाच्या पदार्थापासून एक पातळ, नारिंगी फिल्म बनवतात. नखाएवढी पट्टी कापतात. तिच्यावर यूव्ही दिव्याचा प्रकाश टाकला की ती बोट मुडपावं तशी वाकते, आणि निळा प्रकाश टाकला की परत सरळ होते. ना वायर, ना मोटार, ना बॅटरी. प्रियाला अशा दोन पट्ट्यांचा चिमटा बनवायचा होता, जो नुसत्या प्रकाशावर तीळ उचलेल.

"पण वाकती कशापायी?" धर्मपालांनी जेवताना विचारलं होतं.

"पप्पा, आत काड्यांसारखे रेणू असतात. सगळे एका दिशेला, तुमच्या मागाच्या बीमवर ताण्याचे उभे धागे असतात तसे. प्रकाश पडला की त्यांतले काही मोडून वाकडे होतात आणि तेवढी बाजू आखडते."

"म्हंजी ताणा बिघडल्यावर कापड गोळा व्हतंय, तसं."

"अगदी तसं."

"मग ह्यात नवीन काय? हे तर आमी रोज करतो आणि मालकाच्या शिव्या खातो."

ती इतकी हसली की तिला ठसका लागला.

सगळे रेणू एका दिशेला आणण्याची युक्ती मला तेव्हा नीट कळायला हवी होती. ती अशी असते: दोन काचा घ्यायच्या, त्यांवर एक पातळ थर द्यायचा. तो थर धर्मपालांच्या ओळखीचा निघाला. मागावर चढण्याआधी सुताला खळ देतात, त्यात हेच औषध असतं. थर वाळला की काच मखमलीवर घासायची, पण एकाच दिशेनं. परत येताना उचलून घ्यायची, उलटी घासायची नाही. त्यानं थरावर डोळ्याला न दिसणाऱ्या रेघा उमटतात. मग दोन काचा समोरासमोर ठेवून मधल्या फटीत ते लिक्विड क्रिस्टलचं गरम औषध सोडलं की त्यातले रेणू त्या रेघांच्या मागून रांगेत उभे राहतात.

कॉलेजात घासायचं यंत्र नव्हतं. धर्मपालांनी एका मोडीत निघालेल्या मागाचा रोलर आणला, त्यावर ब्लाउजपीसच्या दुकानातली काळी मखमल ताणून बसवली आणि हाताने फिरवायचा दांडा लावला. तो रोलर आमच्या मागच्या खोलीत पाट्यावरवंट्याशेजारी असायचा. प्रिया काचा घरी आणायची, घासायची, पापडाच्या चपट्या स्टीलच्या डब्यात उभ्या लावायची आणि परत घेऊन जायची. अंकिता मॅडम, म्हणजे तिच्या गाईड, ह्या रोलरचं कौतुक करायच्या. धर्मपाल ते कौतुक कारखान्यात जाऊन सांगायचे.

तीन आठवड्यांपूर्वीच्या बुधवारी पुण्याहून तीन माणसांची समिती येणार होती. पट्टी तीळ उचलते हे त्यांना दाखवायचं होतं. रविवारी सकाळी प्रियानं बारा काचा घासून डब्यात लावल्या आणि दुपारी मॅडमकडे गेली. घरी मी एकटी होते.

आता माझी एक सवय सांगायला हवी. प्रियाच्या कुठल्याही परीक्षेआधी मी तिच्या सगळ्या वस्तू पुसून ठेवते. कंपास, पट्टी, हॉलतिकिटाचं प्लास्टिक, पाण्याची बाटली. शाळेच्या विज्ञान प्रदर्शनात तिनं आरशांची दुर्बीण नेली होती, तेव्हा आदल्या दिवशी ते आरसे मी पुसले होते आणि तिला पहिला नंबर मिळाला होता. दुसऱ्या कुणाची आई अंगारा लावत असेल. आमच्या घरात अंगारे नाहीत, मी पुसते.

कुंभारीला त्या दिवशी वारा सुटला होता. मागच्या खोलीत धुळीचा थर. डब्याचं झाकण पुसायला घेतलं आणि सहज उघडून बघितलं. एका काचेवर मखमलीचा काळा केस चिकटला होता. उजेडात धरली तर काचेवर धुरकट वाटलं, भाजी शिजताना खिडकीवर वाफ धरते तसं. मला वाटलं, पोरगी घाईत राहिली, तसंच घेऊन जाईल आणि मोठ्या माणसांपुढं मान खाली घालावी लागेल. मी जुन्या साडीचा मऊ तुकडा घेतला, ओला केला, पिळला. बारा काचा दोन्ही बाजूंनी पुसल्या. मग फुंकर घालून चष्म्याची काच पुसतात तशा गोल गोल कोरड्या केल्या. होत्या त्याच क्रमानं डब्यात लावल्या आणि झाकण घातलं. काचा इतक्या लखलखीत झाल्या होत्या की मला बरं वाटलं.

सोमवारी संध्याकाळी ती घरी आली ती चप्पल न काढताच खाटेवर बसली.

"फिल्म दुधी आली. सगळ्याच्या सगळ्या."

"म्हणजे?"

"आरपार दिसायला हवी, नारिंगी काचेसारखी. ही दह्यासारखी आली आहे. रेणू रांगेत नाहीत, वाटेल तिकडे तोंड करून उभे आहेत. प्रकाशात ठेवली तर नुसती थरथरते, वाकत नाही." मग तिनं माझ्याकडे बघितलं. "मम्मी, डबा कुणी उघडला होता का गं?"

मी कणीक मळत होते. "नाही," मी म्हणाले.

हे मी ठरवून केलं नाही. तिचा तो चेहरा बघितला आणि तोंडातून निघून गेलं. नंतर मी स्वतःची समजूत घातली की मी धूळ पुसली, धूळ पुसून काय बिघडतं? पण मनात कुठंतरी कळलं होतं. नाहीतर खरं सांगायला काय हरकत होती?

धर्मपाल आल्यावर ती म्हणाली, "पप्पा, रोलरची मखमल झिजली वाटतं."

धर्मपालांनी रोलर मांडीवर घेतला. बोटांनी चाचपला, नाकाजवळ नेला, उजेडात धरला. "मखमल तर चांगली हाय की गं. पण आसंल. तू म्हणतीस तर आसंल." आणि ते खिळे उपटायला बसले. नवी मखमल ताणून बसवेपर्यंत त्यांचं ताटातलं जेवण गार झालं. मी ते ताट दोनदा गरम केलं आणि तोंड उघडलं नाही.

नव्या काचांना थर देऊन, वाळवून, घासून फिल्म बनवायला दोन दिवस लागतात. तेवढा वेळ नव्हता. म्हणून मंगळवारी प्रियानं त्या दुध्या फिल्मवरच काम करायचं ठरवलं. हे सगळं मला नंतर कळलं, तिच्याच तोंडून. फिल्म दुधी आहे म्हणजे प्रकाश आत शिरत नाही, तर प्रकाशच वाढवून बघू, असा तिचा हिशेब. दिव्यापुढे एक जाड काच असते, नको तो प्रकाश अडवणारी. ती काच तिनं काढली. तिथं पिवळा गॉगल घालून काम करायचं असतं. पण पिवळ्या गॉगलमधून नारिंगी पट्टी धड दिसत नाही, तिच्या कडा हरवतात. पट्टी किंचित हलली की आपल्यालाच भास झाला, हे तिला कळेना. मॅडम मीटिंगला गेल्या होत्या. एकच मिनिट, म्हणून तिनं गॉगल कपाळावर सरकवला. त्या मिनिटात पट्टी खरंच थोडी हलली. मग ती बघतच राहिली.

संध्याकाळी सहाला बसमधून उतरून आली. मी कोथिंबीर निवडत होते. "मम्मी, डोळ्यांत धूळ गेली आहे," म्हणाली आणि मोरीत जाऊन पाण्याचे हबके मारले. साडेसहाला म्हणाली, वाळू गेल्यासारखं वाटतंय. सात वाजता तिला डोळे उघडता येईनात. पापण्या सुजून लाल झाल्या, मिटल्या डोळ्यांतून पाण्याच्या धारा, आणि ट्यूबलाइट लावली तर ती ओरडली. माझी पोर कधी ओरडत नाही. दहावीत सायकलवरून पडून हात मोडला तेव्हासुद्धा ओरडली नव्हती.

धर्मपाल दारातून आत आले, एकदा बघितलं आणि विचारलं, "आज कसली लाइट बघितलीस?"

"दिव्याची. यूव्ही."

"गॉगल?"

तिनं बोट कपाळावर टेकवलं.

"वेल्डिंग लागलंय हिला," ते माझ्याकडं वळून म्हणाले. "आमच्या फिटर लोकास्नी त्यो जाळ बघून लागतंय. दोन दिवस बोंबलत्यात, मग बरं व्हतंय. घाबरू नकोस." पण पिशवी खुंटीला अडकवताना त्यांचा हात चुकला आणि पिशवी खाली पडली.

शेजारच्या सुंदरम्मा आवाज ऐकून आल्या. त्यांच्या घरातल्या तीन पिढ्या मागावर, कुणाला काय लागलं की औषध त्यांच्याकडं तयार. "अय्यो, एवढं काय घाबरता? बटाट्याच्या चकत्या ठेवा. नाहीतर माझी सून ओली बाळंतीण आहे की, दोन थेंब दूध आणते वाटीत. डोळे थंडगार होतात."

"काही नको!" मी ओरडले. एवढ्या मोठ्यानं की सुंदरम्मा दोन पावलं मागं सरकल्या.

त्यांचा दोष नव्हता. माझे वडील केमच्या स्टेशनावर गँगमन होते. मी नऊ वर्षांची असताना रुळावर घण मारताना त्यांच्या डाव्या डोळ्यात कपची उडाली. माझ्या आजीनं डोळ्यात दूध घातलं, दुसऱ्या दिवशी कसला तरी पाला वाटून बांधला. तिसऱ्या दिवशी रेल्वेच्या दवाखान्यात नेलं तेव्हा डॉक्टर आजीलाच रागावले. डोळा गेला. पुढं वडिलांना गँगमधून काढून पाणी भरायच्या कामावर टाकलं. ते लोटा भरताना पाणी बाहेर सांडायचं, आणि कुणाचं लक्ष नाही ना, हे ते उरलेल्या डोळ्यानं बघायचे. तो डोळा मी विसरलेली नाही.

रिक्षा करून आम्ही गावात डोळ्यांच्या दवाखान्यात गेलो. रिक्षात ती माझ्या खांद्यावर डोकं टेकून बसली होती आणि धर्मपाल पुढून सारखे म्हणत होते, "दोन दिवस. लई तर तीन." मला फक्त बारा काचा दिसत होत्या.

डॉक्टरांनी डोळ्यांत रंगाचा थेंब घालून यंत्रातून बघितलं. बुबुळावरची वरची साल भाजली आहे म्हणाले, ती भरून येते. मग त्यांनी विचारलं, "दिव्याकडे किती वेळ बघत होतीस?"

"वीस मिनिटं. कदाचित पंचवीस. दिव्याकडे नाही, पट्टीकडे. पण पट्टीखाली काच होती, तिच्यातून चमक येत होती. डावीकडून जास्त."

वीस मिनिटं हा आकडा मी तेव्हा पहिल्यांदा ऐकला.

डॉक्टरांनी डावा डोळा पुन्हा एकदा यंत्रातून बघितला. "वरचं भरेल. आतल्या पडद्याला काही झालं आहे का, ते सूज उतरल्यावर बघू. शुक्रवारी या." दोन्ही डोळ्यांवर पट्ट्या बांधून त्यांनी आम्हाला पाठवलं.

बुधवारी मी रजा टाकली. समिती अकराला येणार होती. अंकिता मॅडमचा फोन आला, आवाज रडवेला. तिनं दिव्याची काच काढली तेव्हा मी तिथं असायला नको होते का गं, असं दोन-तीनदा म्हणाल्या. प्रिया खाटेवर भिंतीला टेकून बसली होती. मी तिला वरणभात भरवत होते, आणि ती घास गिळून झाला की एकेक पायरी मोठ्यानं म्हणत होती.

"काचा साबणानं धुतल्या. मग स्पिरिट. थर दिला, साठवर वाळवला. घासल्या, प्रत्येकी दहा वेळा, एकाच बाजूनं. खूण वरच्या कोपऱ्यात. डब्यात लावल्या. डबा रविवारी घरी, सोमवारी लॅबला. औषध तेच, गरम तेवढंच. मम्मी, मागच्या वेळी हेच सगळं केलं आणि फिल्म स्वच्छ आली. मग या वेळी मी कुठं चुकले?"

"खा आधी."

"नाही, पण कुठंतरी चुकलेच ना. मला सापडत नाही म्हणजे मी किती मठ्ठ आहे. उद्या डोळे उघडल्यावर परत तेच करणार, परत तेच चुकणार."

'उद्या डोळे उघडल्यावर' असं ती इतक्या सहज म्हणाली. मी ताटली खाली ठेवली.

"प्रिया, काचा मी पुसल्या."

पट्ट्या बांधलेल्या चेहऱ्यावर काय येतं ते दिसत नाही. ओठ तेवढे हलायचे थांबले.

"कधी?"

"रविवारी दुपारी. तू मॅडमकडं गेली होतीस तेव्हा."

"ओल्या फडक्यानं की कोरड्या?"

"ओल्या."

"सगळ्या?"

"बाराच्या बारा. दोन्ही बाजूंनी."

"उभ्या पुसल्यास का आडव्या?"

"गोल."

ती एकदम हसली. हसली म्हणजे नाकातून आवाज आला आणि पट्टीवर हात दाबून धरला, कारण हसताना डोळे दुखत होते. "गोल! तो थर पाण्यात विरघळतो मम्मी. खळच ती. तू धुऊन टाकलास आणि राहिलेला गोल घासलास. रेणू बिचारे करणार काय, ते गोल गोल फिरत बसले." मग हसणं थांबलं. "मी सोमवारी विचारलं होतं तुला."

"हो."

"तू नाही म्हणालीस."

"हो."

"तू हो म्हणाली असतीस तर मी त्या फिल्म कचऱ्यात टाकल्या असत्या. काचच काढली नसती दिव्याची."

हे मला आदल्या रात्रीपासून माहीत होतं. पण तिच्या तोंडून ऐकताना मी खाटेची कड धरून बसले. ती भिंतीकडं तोंड करून आडवी झाली. दुपारपर्यंत माझ्याशी बोलली नाही. पाणी हवं का विचारलं तर मान हलवायची, तीही कुणीकडं मी आहे हे न कळून भलतीकडंच.

तीनच्या सुमारास हाक आली. "मम्मी, माझ्या सॅकमध्ये निळी वही आहे. पेन घे. मला दिसत नाही, तू लिही."

मी लिहायला बसले. तारीख सांगितली. नमुन्यांचे क्रमांक सांगितले. मग म्हणाली, "लिही. फिल्म दुधी येण्याचं कारण. घासलेल्या काचा नंतर ओल्या कापडानं गोलाकार पुसल्या गेल्या."

मी लिहिलं.

"पुसल्या गेल्या नको. कुणी पुसल्या ते लिही."

"काय लिहू? आईनं?"

"तुझं नाव लिही. वहीत आई नसते."

मी माझं पूर्ण नाव लिहिलं. प्रयोगशाळेच्या वहीत माझं नाव पहिल्यांदा आलं ते असं. खाली मी आपणहून एक ओळ लिहिली: विचारल्यावर खोटं सांगितलं. ती मी तिला वाचून दाखवली. ती म्हणाली, "ते शास्त्रात येत नाही. पण राहू दे."

संध्याकाळी धर्मपालांना सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, मग रोलरकडं बघितलं. "म्हंजी मखमल चांगलीच हुती," एवढंच बोलले. तो एक दिवस ते बाहेर ओट्यावर जेवले.

शुक्रवारी पट्ट्या निघाल्या. उजव्या डोळ्यानं तिनं शेवटची ओळ झरझर वाचली. मग डॉक्टरांनी चौकटीचा कागद तिच्या हातात दिला, गणिताच्या वहीला असतात तशा चौकटी, मधोमध एक ठिपका. उजवा डोळा झाकून ठिपक्याकडे बघायला सांगितलं.

"ठिपक्याशेजारच्या दोन रेघा वाकल्यात," ती म्हणाली. "आणि तिथं जरा राखाडी आहे."

डॉक्टर म्हणाले, आतल्या पडद्यावर मध्यभागी छोटा डाग आहे. तीन-चार महिन्यांत बहुतेक जातो. थोडा राहिला तर राहतो. रोज घरी हाच कागद बघायचा, आणखी एक जरी रेघ वाकलेली वाटली तरी थांबायचं नाही, लगेच यायचं. मी 'बहुतेक' हा शब्द धरून बसले. धर्मपाल 'जातो' हा.

समितीनं बुधवारी जुनीच एक पट्टी बघितली आणि प्रकल्पाला आणखी वर्ष दिलं. आठ दिवसांनी प्रिया परत कामावर जायला निघाली. मी दारात उभी राहिले.

"नको जाऊस. दुसरं काहीही कर. शाळेत शिकव."

"शाळेत खडू उडतो डोळ्यात."

"चेष्टा करू नकोस."

"मम्मी, पप्पांनी पेटी केली आहे ना आता."

केली आहे. धर्मपालांनी पत्र्याची पेटी बनवून कॉलेजात नेऊन बसवली. दिवा आत, पट्टी आत, आणि बघायला मोबाइलचा कॅमेरा आत. झाकण उघडलं की दिवा विझतो. ताण्याचा धागा तुटला की माग आपोआप थांबतो, तोच खटका त्यांनी झाकणाला लावला. मॅडमनी त्याचे फोटो काढले. ते ठीक आहे. पण खटका अडकू शकतो, मागावरही अडकतो, आणि अडकला की जॉबरला हाक मारावी लागते हे मला कुणी सांगायला नको. सकाळी ती गेली की मी ग्रंथालयात पुस्तकांवर शिक्के मारते आणि दर तासाला फोन बघते. ती दुपारी एकदा 'जेवले' असं पाठवते. एखाद्या दिवशी दोनपर्यंत आलं नाही तर मी शिक्का बाजूला ठेवते आणि फोन हातात धरून बसते.

रोज सकाळी कागद मी धरते. ती उजवा डोळा हातानं झाकते. पहिले बारा-तेरा दिवस तिनं दोन रेघा वाकलेल्या सांगितल्या, मग दीड, म्हणजे एक पूर्ण आणि एक थोडी. मी कॅलेंडरवर लिहून ठेवते. परवा म्हणाली एकच.

आज सकाळी तिला उशीर झाला होता. मी घडी घातलेला कागद उघडत होते, आणि तो पूर्ण उघडायच्या आत ती म्हणाली, "सरळ आहेत. सगळ्या."

"नीट बघ."

"बघितलं गं. बस जाईल." आणि सॅक घेऊन निघाली.

दिवसभर मी तेच करत राहिले. कागद किती उघडला होता? अर्धा? ठिपका दिसत होता का? तिला घाई होती, एवढंच असेल. किंवा खरंच सरळ दिसल्या असतील, तिची नजर तेज आहे. किंवा रोज सकाळी माझा चेहरा बघून तिला वाटलं असेल की हिला 'सरळ' सांगून टाकावं. मीही तिचा चेहरा बघूनच 'नाही' म्हणाले होते.

मघाशी मी एक कोरा कागद घेतला. पट्टीनं तशाच चौकटी आखल्या, मधे ठिपका दिला, आणि ठिपक्याजवळची एक रेघ मुद्दाम वाकडी काढली. उद्या हा कागद पूर्ण उघडून तिच्यासमोर धरायचा. ती 'सरळ' म्हणाली तर ती बघतच नाही हे मला कळेल. रेघ चांगली जमली होती. मग ती बघता बघता माझ्या ध्यानात आलं. परत तिच्या नकळत तिच्या काचेला हात लावायला निघाले होते मी.

कागद फाडून टाकला आहे. उद्या तिला सरळ विचारणार, काल कागद पूर्ण उघडायच्या आधी कसं सांगितलंस. ती काय म्हणेल याची मला भीती वाटते आहे, आणि ती खरं सांगेल याची जास्त. आणखी रेघ वाकलेली निघाली तर लगेच दवाखाना गाठायचा, डॉक्टर साडेनऊला बसतात. तिची बस साडेआठची. मला आठलाच विचारायला हवं.